सहज आलेले मामाजी

मामाजी सायकल अंगणात टेकवतात, खांद्यावरच्या दुपट्ट्यानं तोंड पुसतात आणि म्हणतात, "सहज आलो जी." त्याबरोबर सून चहाचं आधण वाढवते, सासूबाई कपाटाची किल्ली कमरेला घट्ट खोचतात आणि घरचा कर्ता माणूस आठवू लागतो की आपण कुणाचं काय देणं लागतो.

गोंदिया जिल्ह्यातल्या धानाच्या कुठल्याही गावात असा एक मामाजी सापडतो. तो कुणाचाच सख्खा मामा नसतो. आमच्याकडच्या माजी मालगुजारी तलावांना मामा तलाव म्हणतात, तेही कुठल्या मामानं खोदलेले नाहीत. दोघेही अख्ख्या गावाच्या कामी येतात आणि दोघांतलाही गाळ कुणी काढत नाही.

मामाजींचं काम एकच, अडलेला विषय काढणं. साडूकडून उसने पैसे परत मागायचेत, चुलतभावानं धुरा कोरून आपल्या बांधीत घेतलाय, जावई संध्याकाळी शुद्धीवर नसतो, म्हाताऱ्याला 'आता वाटण्या करून टाका' हे सांगायचंय. असलं बोलायला सख्ख्या माणसाची जीभ रेटत नाही. मग मामाजींकडे निरोप जातो. मोबदला काही नाही. चहा, आणि विषय फारच जड असेल तर कोंबडा.

विषय काढायचा म्हणजे तो लगेच काढायचा नाही. आधी पाणी मागायचं, मग पावसाचं बोलायचं. पुढची प्रस्तावना मात्र कामानुसार बदलते आणि गावाला ती पाठ आहे. धानावरच्या तुडतुड्यापासून सुरुवात झाली की समजावं, पैसा. 'केंद्रावरचे चुकारे आले का?' असं विचारलं तर पैसा आजच हवाय. मालगुजाराच्या काळातले आजोबा आठवले तर जमीन. आणि सारस निघाला तर लग्न. राज्यातले सारस उरलेत ते मुख्यतः आमच्याच जिल्ह्यात, आणि त्यांचा खरा उपयोग मामाजींइतका कुणीच केला नसेल. 'सारसाची जोडी कशी जन्मभर सुटत नाही' एवढं कानावर पडलं की घरची पोरगी आतल्या खोलीत पळते. एका घरी नवराबायकोची मजल सोडचिठ्ठीपर्यंत गेली होती, तिथंही मामाजींनी सारसच काढला. बाई शांतपणे म्हणाली, "सारस दारू नाही पेत जी, म्हनून टिकते त्याची जोडी." तेव्हापासून त्या घरी ते तुडतुड्यावरच थांबतात.

प्रस्तावना संपली की खर्रा निघतो. पन्नीतला खर्रा तळहातावर धरून मामाजी घोटू लागतात आणि सगळं घर त्या अंगठ्याकडे बघत बसतं. उसनवारीला एक खर्रा पुरतो, वाटणीला दोन लागतात. घोटून झाला की तोंडात टाकायचा, उठून अंगणाच्या टोकाला जायचं, पिचकारी मारायची, परत येऊन खाटेच्या काठावर टेकायचं. मग घरमालकाकडे न बघता, खुंट्याला बांधलेल्या शेळीकडे बघत ते म्हणतात, "तुमच्या साडूच्या पोरीचा लग्न आहे म्हनतात फागुनात. खर्च मोठा आहे बिचाऱ्याले."

झालं, निघाला विषय! त्यात 'पैसे' हा शब्द नाही, मागणी नाही, तगादा नाही. घरमालकही शेळीलाच उत्तर देतो, "चुकारे आले का पाहू जी." दोघांची नजरानजर झालेली नसते, त्यामुळे संबंध जागच्या जागी राहतात. शेळीला मात्र गावातल्या सगळ्या भानगडी ठाऊक असतात.

दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, तो मामाजींचा हंगाम. सोयरेधायरे आयतेच जमलेले, रात्री झाडीपट्टीचं नाटक. रंगमंचावरचा नायक मनातलं सांगायला तीन अंक घेतो, तेवढ्यात मामाजी मांडवामागे दोन सोयरिकी काढून मोकळे.

पंचाईत एवढीच की हा माणूस खरोखर सहज कुठं जाऊ शकत नाही. एकदा पावसानं गाठलं म्हणून ते वाटेतल्या एका ओसरीवर टेकले. विषय कसलाच नव्हता, खर्राही भिजलेला. घरमालकाला ती शांतता सोसेना. थोड्या वेळानं तोच म्हणाला, "मोटारपंप मीच नेला होता मामाजी, रात्री ठेवून देतो." आतून बायको ओरडली, "आन आपल्या पोराचा पन सांगून टाका, आता यायले माहीतच झाला आहे तं!" पाऊस उघडला तेव्हा मामाजींजवळ दोन नवे विषय होते आणि ते कुणाकडे काढायचे याचा पत्ता नव्हता.

एक सल मात्र त्यांच्या मनात आहे. १ मे १९९९ ला भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा निघाला. एवढी मोठी वाटणी, आणि मध्ये कुणी माणूसच घातला नाही! "भंडारेवाल्यायसोबत कोनी बसला नाही, चहा पेला नाही. सरळ कागदच काढला," असं ते अजून म्हणतात.

हल्ली बचतगटाच्या बायांनी त्यांच्या शास्त्राला धक्का दिलाय. गटाची अध्यक्षबाई दारातूनच म्हणाली, "मामाजी, तुमच्या घरचा हप्ता तीन महिन्यांपासून थकून आहे. केव्हा भरता?" हप्त्याचं त्यांना काही वाटलं नाही. पण रीत म्हणून काही असते की नाही? "पानी तरी मागायचा ना बाई!" एवढंच ते बोलले, आणि दोन दिवस जेवताना कुणाशी बोलले नाहीत.

पुढच्या महिन्यात बाई परत आली. खाटेवर बसली, पाणी मागितलं, अर्धा गडवा पिऊन पदरानं तोंड पुसलं, आणि शेळीकडे बघत विचारलं, "यंदा तुडतुडा कसा काय आहे जी?"

मामाजींनी घरात हाक मारली, "तो डब्बा आन वो लवकर, पुरा हप्ता देऊन टाक यायले!"