धर्मादाय रोपविक्री : काही शास्त्रशुद्ध नियम

वृद्धाश्रमाच्या मदतीसाठी सोसायटीत घरची रोपं विकायची, तर मुहूर्त श्रावणातला धरावा. मृगात खोचलेल्या जास्वंदीच्या काड्यांना तोवर मुळं धरलेली असतात. पालवीवर जाऊ नये. काडी पोटातल्या शिदोरीवर चार पानं काढून दाखवते आणि गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन मान टाकते. दुधाच्या पिशवीला पाडलेल्या भोकातून पांढरं मूळ डोकावलं, की रोप विक्रीयोग्य समजावं.

पांढऱ्या चाफ्याची फांदी तोडल्या तोडल्या मातीत खुपसू नये. चीक सुकेपर्यंत आठवडाभर सावलीत टाकावी, नाहीतर कुजते.

पुदिना कुणीही लावतं. त्याचं कौतुक करू नये.

ब्रह्मकमळाच्या पाटीवर ‘हिमालयातले’ असं लिहू नये. आपल्या गॅलरीत रात्री फुलतं ते मेक्सिकोकडचं निवडुंग; हिमालयातलं ब्रह्मकमळ निराळंच. मात्र ही माहिती पैसे हातात पडल्यावरच द्यावी. फुलाला ओवाळणाऱ्या बायका निवडुंग म्हटल्यावर रोप परत ठेवतात.

किंमत ५० रुपये. पैसे वृद्धाश्रमाला जाणार म्हटल्यावर गिऱ्हाईक गहिवरतं आणि त्याच गहिवरल्या आवाजात विचारतं, “तीन घेतली तर शंभरला द्याल?” नाही द्यायची. कुंडी परत आणून देईन म्हणणाऱ्यांनाही नाही. आणत नाहीत. माझे श्रीखंडाचे डबे असेच गेले.

मनी प्लांट विकायला ठेवूच नये. चोरून आणलेलाच लागतो, अशी पुष्कळांची श्रद्धा आहे. टेबलाच्या कडेला त्याच्या काड्या ठेवाव्यात, प्रत्येकीला एकतरी पेर असेल हे पाहावं (मुळं तिथूनच फुटतात, नुसत्या पानाला वेल येत नाही), शेजारी दानपेटी मांडावी आणि पाठ फिरवावी. पापभीरू चोर ५० पेक्षा जास्त टाकतो.

सर्वांत महत्त्वाचं : ज्यानं रोपं वाढवली त्याला टेबलावर बसवू नये. आमच्या ह्यांना बसवलं होतं. सोनचाफा मागणाऱ्या एका मुलीला ह्यांनी विचारलं, गॅलरी कुठल्या दिशेला, दुपारचं ऊन किती, गावाला गेलात की पाणी कोण घालतं. “काका, बायोडाटा पाठवू का?” म्हणाली बिचारी. बरं, तिला तरी दिलं. पुढच्या गृहस्थांना ‘बुक झालंय’ सांगून चक्क टेबलाखाली लपवलं. गुटी बांधून, शेवाळ ओलं ठेवून, पावसाळाभर जपलेलं रोप. जीव अडकतो, हे मला कळतं. पण मग विक्री कशाला मांडायची?

उरलेली रोपं अर्ध्या किमतीत काढावीत, असा माझा नियम. ह्यांचा वेगळा. संध्याकाळी पाकीट काढून सगळी स्वतःच विकत घेतली, पूर्ण किमतीत, वर सेक्रेटरींकडून पावतीही. ठेवायची कुठे म्हटलं, तर म्हणे, कपड्यांची दोरी काढू.

दोरी निघणार नाही. हा शेवटचा नियम.