साखरखेर्ड्याला हिरो मिळत नाही

टीव्हीवरच्या ऐतिहासिक लढाईचे काही कायदे आहेत. कुणी लिहून ठेवलेले नाहीत, पण वाहतुकीच्या नियमांपेक्षा कितीतरी इमानेइतबारे पाळले जातात. आपला सरदार बोलत असेपर्यंत शत्रूने हल्ला करायचा नाही. त्याचं बोलणं आटोपलं की शत्रूच्या सरदाराने पोट धरून हसायचं. पोट मोठं असणं सक्तीचं. मग घोड्याच्या टापा, टापांखालची धूळ, धुळीतून वर आलेली तलवार, तलवारीवर चमकलेला सूर्य, आणि सूर्य चमकला रे चमकला की सांधेदुखीच्या तेलाची जाहिरात. ब्रेकनंतर तोच सूर्य, तीच तलवार. फौज कॉम्प्युटरवर एकाची शंभर केलेली, त्यामुळे सगळे शिपाई एकाच क्षणी डावा पाय उचलतात. खरी माणसं पंचवीस. त्यातला एक दाढीवाला मागच्या रविवारच्या महाएपिसोडमध्ये विजापूरकरांकडून पडला होता, या रविवारी स्वराज्यासाठी पडला. अर्थात पक्ष बदलणं इतिहासालाही नवं नाही. तेव्हा जहागीर मिळायची, आता दिवसाची हजेरी मिळते.

आम्हा बुलढाणेकरांची तक्रार मात्र वेगळी आहे. जिजाऊंचं माहेर सिंदखेडराजा आमच्या जिल्ह्यात. 12 जानेवारीला तिथे पाय ठेवायला जागा नसते. 2019 मध्ये ‘स्वराज्यजननी जिजामाता’ मालिका सुरू झाली तेव्हा आम्हीही हौसेने टीव्हीपुढे बसलो. पण वाहिन्यांच्या लेखी बुलढाणा म्हणजे फक्त पाळणा. बाळ पाळण्यातून उतरलं की कॅमेरा थेट पुण्याकडे. लढाया काय त्या सह्याद्रीत; इकडे माणसं जणू चारशे वर्षं कापूस वेचत बसली होती!

वास्तविक याच सिंदखेडराजा तालुक्यात साखरखेर्डा आहे. तिथे ऑक्टोबर 1724 मध्ये जी लढाई झाली, तिच्यातून हैदराबादचं आसफजाही राज्य उभं राहिलं आणि सप्टेंबर 1948 च्या पोलीस ॲक्शनपर्यंत टिकलं. सव्वादोनशे वर्षांचा कारभार एका दिवसात ठरला. जिंकणाऱ्या निजामाने गावाचं नाव बदलून फतेहखेर्डा केलं. गावाने कालांतराने आपलं जुनं नाव परत घेतलं. एवढी मोठी गोष्ट, आणि तिच्यावर कुणी महाएपिसोड काढला नाही. का, ते समजायला वाहिनीच्या मीटिंगमध्ये डोकावावं लागेल.

‘हिरो कोण?’ हा तिथला पहिला प्रश्न. एका बाजूला निजामुल्मुल्क, बादशहाचा माणूस. दुसऱ्या बाजूला हैदराबादचा सुभेदार मुबारिझखान, तोही बादशहाचाच माणूस. बादशहा मुहम्मदशहाला निजाम डोईजड झाला होता, म्हणून दिल्लीने आतून मुबारिझखानाला फूस लावली आणि वरून कानावर हात ठेवले. ‘मग मराठे?’ मराठे आहेत ना. निजामाच्या मदतीला. इथे क्रिएटिव्ह हेडचा चहा थंड होतो. निजाम आला की पडद्यावर हिरवा उजेड पाडायचा आणि भेसूर सनई वाजवायची, हे ठरलेलं. आणि त्याच्याच शेजारी आपला भगवा! संगीतवाल्याने सुरावट कुठली लावायची?

खरं तर शेवट अगदी टीव्हीजोगा आहे. मुबारिझखान रणात मारला गेला. निजामाने त्याचं मुंडकं दिल्लीला धाडलं आणि सोबत ‘आपल्या पुण्याईने बंडखोराचा बंदोबस्त झाला’ अशा थाटाचं अभिनंदन कळवलं. ज्या बादशहाने त्या बिचाऱ्याला चढवलं, त्यालाच ते स्वीकारून खूश झाल्याचं दाखवावं लागलं. दुसऱ्या वर्षी त्याने निजामाला ‘आसफजाह’ हा किताबही दिला. आपल्याच माणसाला पाडून विजयी बंडखोराचा सत्कार करण्याची ही दिल्लीची रीत तीनशे वर्षं जुनी आहे, पुढचं वाचकांना सांगायला नको. पण यात तलवार नाही. आहे तो कावा. तो स्लो मोशनमध्ये दाखवता येत नाही.

1757 मध्ये पुन्हा तेच. सिंदखेडला मराठ्यांनी रामचंद्र जाधवांना वेढलं, आणि त्यांना सोडवायला निजामुल्मुल्काचा मुलगा निजामअली धावला. मराठ्यांकडून दत्ताजी शिंदे आणि पंधरा वर्षांचे विश्वासराव. निजामाच्या बाजूला कोण, तर जिजाऊंचे वडील लखुजीराजे यांचेच वंशज! म्हणजे जिजाऊंच्या माहेराला वेढा घालणारे मराठेच. हे दाखवलं तर प्रेक्षक चॅनेल बदलतील आणि कुणीतरी वाहिनीच्या दारावर मोर्चा नेईल, त्यापेक्षा गप्प बसलेलं बरं.

सासू-सुना मात्र टीव्हीला झेपतात. म्हणून 1624 ची भातवडीची लढाई त्यांनी घेतली, तर मला आधीच दिसतं ते कसं होईल. एकीकडे मलिक अंबरासोबत जावई शहाजीराजे, दुसरीकडे मोगलांसोबत सासरे लखुजी जाधव. चार भाग जिजाऊ खांबाला टेकून रडणार. आणि लढाई? मलिक अंबराने तलावाचं पाणी सोडून शत्रूच्या तळाचा चिखल केला. मोगल आणि आदिलशाही फौजा त्यात रुतल्या. लढाई फिरवली ती पाण्याने. पण निर्मात्याला सेटवर तलाव परवडत नाही, आणि चिखलात कपडेपट खराब होतो.

इथेच सगळं अडतं. खऱ्या लढाईत तलवारीच्या आधी चारा येतो, पाणी येतं, पगार येतो. बाजीरावाने 1728 च्या फेब्रुवारीत पालखेडजवळ साखरखेर्डा जिंकणाऱ्या निजामुल्मुल्कालाच कोंडलं, तेव्हा म्हणावी अशी मोठी लढाई झालीच नाही. निजाम अवजड तोफा ओढत मागे धावत राहिला. बाजीरावाचे स्वार हलके, आज इथे तर उद्या तिथे. शेवटी त्यांनी त्याला पाणी-दाणा मिळणार नाही अशा जागी आणून बसवलं. मार्चमध्ये मुंगी-शेवगावचा तह झाला. दुसऱ्या महायुद्धातला इंग्रज सेनापती मॉंटगोमेरी याने या मोहिमेची तोंड भरून तारीफ केली आहे. पण पटकथेत ‘निजामाला तहान लागते’ एवढंच लिहून आठवड्याचे सहा भाग कसे भरायचे?

बरं, लढाई डोक्याने दाखवता येतच नाही असंही नाही. साखरखेर्ड्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी, 1824 मध्ये, प्रशियाचे लष्करी अधिकारी नकाशावर ठोकळे मांडून, फासे टाकून युद्धाचा खेळ खेळत होते. मधे पंच बसवलेला. कुठली तुकडी किती वेळात कुठे पोचेल, किती माणसं पडतील, याचा हिशेब तोंडी डायलॉगने नव्हे, तक्त्याने लावायचा. 2003 मध्ये बीबीसीने तोच प्रकार टीव्हीवर आणला. ‘टाइम कमांडर्स’ कार्यक्रमात साध्यासुध्या लोकांच्या हाती जुन्या लढायांतल्या फौजा दिल्या, कॉम्प्युटरवर त्या लढवल्या, आणि कोण कुठे चुकलं ते जाणकारांनी फोड करून सांगितलं. कुणाला पोट धरून हसावं लागलं नाही.

आपल्याकडे तसं केलं तर माझा संघ तयार आहे. एक कृषी सेवा केंद्रवाला, एक एसटीचा कंडक्टर, एक निवृत्त मास्तर आणि एक टँकरवाला. समोर साखरखेर्ड्याचा नकाशा. सूत्रसंचालक गंभीर आवाजात म्हणेल, ‘आता आपण हल्ला कधी करणार?’ आणि टँकरवाला विचारेल, ‘आधी सांगा भाऊ, एवढ्या घोड्यायले पानी कुठून आनसान?’ वाहिन्यांच्या कुठल्याही लेखकाला आजवर न सुचलेला हा पहिला शहाणा लष्करी प्रश्न असेल. कंडक्टर रस्ते बघेल, मास्तर कुणाचा पगार किती थकलाय ते काढेल, आणि कृषी सेवा केंद्रवाला पावसाळा नुकता सरलेला आहे हे लक्षात घेऊन तोफांची चाकं कुठे फसतील ते बोट ठेवून दाखवेल. काळ्या जमिनीत काय काय फसतं, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक?

तेव्हा वाहिनीवाल्यांना आग्रहाचं आमंत्रण. साखरखेर्डा नकाशावर आहे, रस्ताही आहे. हिरो सोबत आणला नाही तरी चालेल. फक्त उन्हाळ्यात येणार असाल आणि घोडे आणणार असाल, तर टँकर तेवढा तुमचा आणा.