खांब त्यांचा, जागा तुमची, कागद कुठाय?

प्लॉट तुमचा. सातबारा तुमच्या नावावर. घरपट्टी तुम्ही भरता. कोपऱ्यातला विजेचा खांब मात्र तुमचा नाही, आणि त्याबद्दल विचारायचा हक्कही तुम्हाला नाही, असं वर्षानुवर्षं तुमच्या मनावर ठसवलं गेलंय.

ते खोटं आहे.

वीज कायदा 2003 चा. त्याखाली केंद्राने 2006 मध्ये नियम केले. खासगी जमिनीत किंवा इमारतीवर खांब, तार, ताण बसवायचा तर आधी मालकाची किंवा ताबेदाराची संमती घ्या, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. त्याने हरकत घेतली, तर जिल्हा दंडाधिकाऱ्याची किंवा पोलीस आयुक्तांची लेखी परवानगी आणा. ‘सरकारी काम आहे, अडवू नका’ हे लाइनमनचं वाक्य म्हणजे परवानगी नव्हे.

पुढचं वाक्य तर कुणी वाचतच नाही. असा आदेश देताना त्या अधिकाऱ्याने मालकाला द्यायची भरपाई किंवा वार्षिक भाडं, किंवा दोन्ही, ठरवायचं असतं. वार्षिक भाडं! तुमच्या गल्लीत कुणाला मिळतं?

मागितलं कुणी?

आपण मागतो ते व्हॉट्सअॅपवरचं. शेतात डीपी असेल तर कलम 57 नुसार महिन्याला हजारो रुपये भाडं, असा एक संदेश गावोगाव फिरतोय. कलम 57 उघडून पाहा. ते वीजसेवेच्या दर्जाबद्दल आहे, जमिनीच्या भाड्याचा त्यात शब्द नाही. शेतकरी तो कागद घेऊन कार्यालयात जातो, हसं करून घेऊन परततो आणि भाड्याची खरी तरतूद जिथल्या तिथे पडून राहते. असले संदेश पुढे ढकलणारे त्या शेतकऱ्याचंच नुकसान करतात.

वीज कंपनीच्या हातात एक हुकमी पान आहे, तेही माहीत असू द्या. कलम 164. सरकार त्याखाली वीज कंपनीला 1885 च्या टेलिग्राफ कायद्यातले अधिकार देऊ शकतं. ते मिळाले की मालकाची संमती लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये पॉवर ग्रिडच्या खटल्यात तसं स्पष्टच म्हटलंय. पण संमती गेली म्हणून भरपाई जात नाही. नुकसान पूर्ण भरून द्यायचं, आणि रक्कम पटली नाही तर जिल्हा न्यायाधीशाकडे जायचं, हे त्या इंग्रजांच्या कायद्यातच होतं. तेव्हा कुणी 164 म्हटलं, तर अधिसूचना दाखवा म्हणा. तोंडी कलम चालत नाही.

विजेच्या मोठ्या टॉवरचं बघा. शेतकरी अडून बसले, मोर्चे निघाले, तेव्हा कुठे आकडे हलले. 2015 मध्ये केंद्राने मनोऱ्याखालच्या जागेला जमिनीच्या किमतीच्या 85 टक्के भरपाई सुचवली होती, 2024 मध्ये ती 200 टक्क्यांवर नेली. तारांखालच्या पट्ट्याला तेव्हा 30 टक्के. हे सगळं 66 केव्ही आणि वरच्या वाहिन्यांसाठी. तुमच्या अंगणातला साधा खांब त्यात बसत नाही, कारण त्याच्यासाठी अजून कुणी रस्त्यावर उतरलेलं नाही.

खांब हलवायला गेलात की आधी हातात येतं खर्चाचं एस्टिमेट. पैसे भरा, मग बघू. का? पुरेसं कारण दाखवलं तर खांब काढायचा किंवा बदलायचा आदेश देण्याचा अधिकार 2006 च्या नियमांनी त्याच दंडाधिकाऱ्याला दिलाय. पैसे भरण्याआधी एकच प्रश्न लेखी विचारा: हा खांब इथे उभा केला तेव्हा संमती कुणाची घेतली? बहुतेक ठिकाणी पुढचा पत्रव्यवहार इथेच थंडावतो.

आता मालकांनीही कान उघडावेत.

प्रत्येक खांब तुमच्या जागेत नसतो. कित्येक ठिकाणी खांब रस्त्याच्या कडेला होता, कंपाउंडच पुढे सरकत त्याला आत घेऊन गेलं. आधी मोजणी करा, मग हक्क सांगा. तारेचं अंतरही पाहा. 11 केव्हीची तार इमारतीपासून आडवी किमान 1.2 मीटर आणि उभी 3.7 मीटर दूर हवी. तार आधीची आणि गॅलरी नंतरची असेल, तर भांडण कंपनीशी नाही. त्या गॅलरीत उद्या ओले कपडे वाळत घालणार तुमच्याच घरातलं माणूस.

आणि ‘खांब हवा, पण शेजाऱ्याच्या दारात’ हा काही हक्क नव्हे. वीज सगळ्यांना हवी, तर खांब कुठेतरी उभा राहणारच. ज्याच्या जागेत तो उभा राहील, त्याला विचारा आणि त्याचा मोबदला द्या.

महावितरणला हे अवघड नाही. ग्राहक क्रमांक टाकला की बिल दिसतं, तसं खासगी जागेतल्या प्रत्येक खांबाचं आणि डीपीचं संमतिपत्र किंवा दंडाधिकाऱ्याचा आदेश दिसू द्या. नसेल, तर ‘नाही’ असं लिहा. तोवर दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज आहेच, आणि तो करायला वकील लागत नाही.