काखेकडे बघणारा माणूस

व्हीएफएक्स स्टुडिओतला क्लॉथवाला, म्हणजे संगणकातल्या पात्रांचे कपडे हलवणारा, ओळखणं सोपं आहे. शॉट लागला की सगळे नायिकेच्या चेहऱ्याकडे बघतात, हा तिच्या काखेकडे बघतो. गैरसमज नको, नायिका नखशिखान्त त्रिकोणांची आहे. अ‍ॅनिमेटर तिचा हात खुशाल बरगडीत घुसवून घरी गेलेला असतो, आणि मध्ये सापडलेल्या बाहीची इकडे आड तिकडे विहीर होते: दंडातून बाहेर काढली की छातीत, छातीतून काढली की दंडात!

संगणकात दगडावर दगड आपटणाऱ्यांना हा जमेस धरत नाही. "दगड आकार बदलतो का? टक्कर ओळखायला एकदा त्याच्याभोवती पेट्या आखल्या की झालं!" कापडाच्या पेट्यांची मापं मात्र क्षणोक्षणी नव्याने घ्यावी लागतात, शिवाय ते स्वतःवरच आपटतं. दोन त्रिकोण जवळ आले की टोक विरुद्ध पृष्ठ 6 आणि कड विरुद्ध कड 9, अशा 15 तपासण्या. हा हिशेब तो समोरच्याला चहा संपेपर्यंत ऐकवतो.

त्याची दैवतंही वेगळी. पिक्सारच्या बॅराफ, विटकिन आणि कास या त्रयीने 2003 साली कापडाचा गुंता सोडवण्यावर निबंध लिहिला. चिमटीत अडकलेल्या कापडाशी झगडू नका, अंगाबरोबर हलू द्या, असं त्यात सांगितलंय. हे तो गीतेतला उपदेश सांगावा तसं सांगतो.

एकदा एका लग्नात जेवणाच्या पंगतीत त्याची नजर काकूंच्या निऱ्यांवर खिळली.

"काकू, इतके थर एकमेकांवर, आणि एकही आरपार नाही! थिकनेस किती ठेवलाय?"

"अरे, पैठणी आहे ती. पातळ कशी असेल?" काकू फणकारल्या.

हा मात्र मान डोलावून वहीत काहीतरी टिपत होता.

डिलिव्हरीच्या रात्री सगळं तत्त्वज्ञान गुंडाळलं जातं. पदर फुटून छताला लागलेला, सुपरवायझर मागे उभा. मग क्लॉथवाला कुणाला न सांगता कापडाखालचं अंगच पुसून टाकतो. नसलेलं अंग कापडातून बाहेर येणार कसं? शॉट पास!

माणूस लाखमोलाचा आहे. घरी बोलवा, जेवू घाला. फक्त सिनेमाला त्याच्या शेजारची खुर्ची घेऊ नका.