मौजे निघोजे, तालुका खेड

मनुष्य बेकार झाला म्हणजे त्याला वाचनाची गोडी लागते, असे म्हणतात. माझी गोडी मात्र इतकी एकमार्गी होती की, अकरा महिन्यांच्या सक्तीच्या विश्रांतीनंतर चाकणच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्याकडून नेमणुकीचे पत्र आले, तेव्हा त्यातील वेतनाचे पान मी सहा वेळा, भविष्यनिर्वाह निधीचे कलम तीन वेळा आणि ‘वैद्यकीय विम्यात सासू-सासऱ्यांचा समावेश नाही’ ही तळटीप, सौभाग्यवतींच्या कानी जाणार नाही अशा बेताने, दोन वेळा वाचली; परंतु ज्या पानावर ‘मौजे निघोजे, तालुका खेड, जिल्हा पुणे’ असा पत्ता स्वच्छ छापलेला होता, त्या पानापर्यंत काही माझी मजल गेली नाही. पुढचे सारे रामायण त्या एका पानाचे आहे.

बावीस वर्षे मी संगणकाच्या आज्ञावली लिहीत आलो. बडतर्फीचा हुकूम मिळाला तो पडद्यावरच्या बैठकीत, नऊ मिनिटांत, आणि त्यांतली दोन मिनिटे ‘सर, तुमचा आवाज येत नाही’ यात गेली. त्यानंतर इमारतीच्या लिफ्टमध्ये ‘सध्या काय?’ अशी पृच्छा झाली की मी ‘वर्क फ्रॉम होम’ असे सांगे. ते सर्वथा असत्य नव्हते, कारण मेथी निवडणे, कुंड्यांना पाणी घालणे आणि कुरिअरवाल्याला दार उघडणे ही कामे घरूनच होत असत. एकोणिसाव्या मुलाखतीत देव पावला. काम असे की, कारखान्यात सुट्या भागांचे ट्रक येतात, ते फाटकापासून माल उतरवण्याच्या जागेपर्यंत नेमके कोठे आहेत हे दाखवणारी प्रणाली सांभाळायची. ‘कोणती वस्तू या क्षणी कोठे आहे हे जाणणे, हाच माझ्या अनुभवाचा गाभा आहे,’ असे मी त्या मुलाखतीत छातीठोकपणे सांगितले. हे वाक्य वाचकांनी कृपया ध्यानात ठेवावे.

रुजू होण्याच्या दिवशी बसने जाणे घराण्याला शोभत नाही, असे घरात ठरले आणि मेहुण्यांनी आपली मोटार व स्वतःचे सारथ्य देऊ केले. मेहुण्यांना महाराष्ट्रातील झाडून सगळे रस्ते ठाऊक आहेत. ते कोठे जातात, एवढेच अधूनमधून विसरते. मी फोनमध्ये गावाचे नाव लिहू लागलो, तो शेवटची मात्रा देण्याच्या आतच त्या तत्पर यंत्राने ‘निघोज’ असे पुढे केले आणि मी त्यावर बोट ठेवले. अर्धी मात्रा वाचली तरी वैयाकरणाला पुत्रजन्माचा आनंद होतो म्हणतात. मी तर अख्खी मात्रा वाचवली होती.

सकाळी सहाला चंदननगरहून निघालो. यंत्राने नगर रस्ता दाखवला. ‘चाकणला आळंदीवरून जातात ना?’ मी एकदा क्षीण स्वरात विचारले.

‘दाजी, सकाळच्या वेळी तिकडं अडकायचंय का? ह्या मशीनला ट्रॅफिक दिसतं,’ मेहुणे म्हणाले. आणि ज्याने बावीस वर्षे यंत्रांवर पोट भरले त्याने यंत्रावर अविश्वास दाखवावा तरी कोणत्या तोंडाने? वाघोली गेली, शिक्रापूर गेले. रांजणगावच्या महागणपतीला गाडीतूनच हात जोडले, आणि लगेच तेथील औद्योगिक वसाहतीची पत्र्याची अजस्र छपरे दिसू लागल्यामुळे माझी उरलीसुरली शंका फिटली: कारखाने आहेत, एकाच रंगाच्या गणवेशातल्या पेंगुळलेल्या माणसांनी भरलेल्या बसगाड्या आहेत, म्हणजे मुलूख हाच. शिरूरला घोडनदी ओलांडली. घोडनदीपलीकडे पुणे जिल्हा संपतो, हे मी तिसरीच्या भूगोलात शिकलो होतो आणि त्या उत्तरावर गुरुजींनी ‘उत्तम’ असा शेराही मारला होता. गुरुजींची मला क्षमा मागितली पाहिजे.

आठच्या सुमारास, कांद्याच्या वाफ्यांमधून वळणे घेत आम्ही एका गावात शिरलो, आणि फोनमधील बाईने आम्ही गंतव्यस्थानी पोहोचल्याचे जाहीर केले. तिच्या स्वरात यत्किंचितही लाज नव्हती. चहाच्या टपरीपुढील बाकावर पांढऱ्या टोपीतले एक आजोबा बशीत चहा ओतून घेत होते.

‘आजोबा, कंपनीचं गेट कुठं आलं?’

‘कंची कंपनी?’ आजोबांनी बशी खाली ठेवली. ‘हितं मळगंगा देवी हाय, नदीला रांजणखळगे हायेत. कंपनी न्हाई बा.’

‘निघोजे हेच ना?’

‘निघोज. निघोजे त्ये चाकनपाशी. ह्यो पारनेर तालुका, पावनं.’

त्याच क्षणी कारखान्याच्या कार्मिक विभागातून एका मुलीचा फोन आला. ‘सर, मेन गेटला आहात का? साडेआठला सेफ्टी इंडक्शन आहे. लोकेशन पाठवता?’ मी पाठवले. पलीकडे बराच वेळ काहीच ऐकू येईना.

‘सर, हे अहिल्यानगर जिल्हा दाखवतंय.’

‘बरोबर दाखवतंय,’ मी म्हणालो.

‘सर, तुम्ही ट्रॅकिंगच्या टीमला जॉइन होताय ना?’

त्या प्रश्नात उपरोध असता तर बरे झाले असते. ती खरोखरच खातरजमा करीत होती.

फोन ठेवला तो मेहुणे म्हणाले, ‘आलोच आहोत तर खळगे बघून घेऊ.’ येथे मात्र माझा तोल सुटला. अकरा महिन्यांनी उघडलेले दार माझ्या नाकासमोर बंद होत आहे, घराचा हप्ता मुदतठेवी मोडून भरला जात आहे आणि तुम्हाला सहली सुचतात, असे मी भर रस्त्यात, टपरीवरचे सगळे गिऱ्हाईक ऐकत असताना ओरडलो. मेहुणे काही बोलले नाहीत. त्यांनी आज बिनपगारी रजा टाकली होती, हे मला नंतर सौभाग्यवतींकडून कळले.

आजोबांनी टपरीवाल्याला खूण करून आणखी दोन चहा मागवले.

‘माझा नातू बी तिकडंच हाय, निघोज्यात खोली करून. हेल्परीला. सात म्हैने झालं की ब्रेक देत्यात, मग दुसरी कंपनी बघायची.’ त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिले. ‘तुमालाबी ब्रेक दिल्ता का?’

अकरा महिने या गोष्टीसाठी मी आणि माझ्या आप्तेष्टांनी मिळून केवढा शब्दकोश सिद्ध केला होता! कोणी त्याला ‘पुनर्रचना’ म्हणे, कोणी ‘संधिकाल’, आणि एका मित्राने तर ‘स्वतःला वेळ दिलास हे बरे केलेस’ असे अभिनंदनही केले होते.

‘दिला होता. अकरा महिन्यांचा.’

‘लई मोठा ब्रेक म्हनायचा,’ आजोबा म्हणाले, आणि माझी संपूर्ण कैफियत दप्तरी दाखल झाली. मग ते उठून घरी गेले आणि युरियाच्या धुतलेल्या पिशवीत पाच किलो बाजरीचे पीठ आणि चटणीचा डबा घेऊन आले. उद्या एस.टी.ने धाडायचे होते. आता तुम्ही तिकडेच चालला आहात, तर घेऊन जा. तिकडे म्हणजे 80-एक किलोमीटर, पण त्यांच्या ‘तिकडेच’मध्ये ते सहज मावले.

खळगे आम्ही पाहिलेच. कुकडीच्या पात्रात प्रवाहाबरोबर आलेले गोटे खडकाच्या खोलगटात अडकतात, तेथल्या तेथे गरगरत राहतात, काळ्या पाषाणाला रांजणाएवढे पोखरतात आणि स्वतःही झिजून गुळगुळीत होतात. मी दिवाणखान्यात अकरा महिने नेमके हेच करीत होतो. ते पाहायला मात्र कोणी येत नसे.

परतीला शिक्रापुराहून चाकणचा रस्ता धरला. 1660 साली फिरंगोजी नरसाळ्याने चाकणचा किल्ला शाइस्ताखानाविरुद्ध जवळजवळ दोन महिने झुंजवला, ही कथा मला आजवर अद्भुत वाटे. परंतु तळेगाव चौकात पाऊण तास एकाच जागी उभे राहिल्यावर असे वाटू लागले की, खानालाही बहुधा चौकच ओलांडता आला नसावा. पुढे एका लांबलचक ट्रेलरवर आठ कोऱ्या करकरीत मोटारी आमच्यासारख्याच निश्चल उभ्या होत्या. या पट्ट्यात फोक्सवॅगनचा कारखाना 2009 साली सुरू झाला आणि निघोज्याच्या शिवारात महिंद्राचा 2010 साली. मोटारी येथे घडतात, त्या चालवायच्या असतील तर मात्र अन्यत्र न्याव्या लागतात.

एक वाजता मी फाटकाशी उभा राहिलो. रखवालदाराने नोंदवही पुढे केली. ‘कोठून आलात’ या रकान्यात मी ‘निघोज’ असे लिहिले.

‘साहेब, कुठं आलात ते नाही, कुठून आलात ते लिहा.’

‘तेच लिहिलंय.’

त्याने माझ्याकडे, मग पिशवीकडे पाहिले. आत जाणाऱ्या प्रत्येक मालाची आवक नोंदवल्याखेरीज सोडायचे नाही, असा तेथील शिरस्ता, तेव्हा माझ्या नव्या नोकरीतील पहिली नोंद ‘बाजरी पीठ, पिशवी, 1 नग, चटणी, डबा, 1 नग’ अशी झाली आणि तिच्याखाली मी सही केली. नंतर मला पिवळे जाकीट आणि पोलादी टोकाचे काळे बूट मिळाले. त्यांत पाय घातल्यावर माझी चाल अशी झाली की, शिक्षा भोगून आलो की भोगायला चाललो, हे पाहणाऱ्यास सांगता येऊ नये.

पहिली पाळी सुटल्यावर नातू फाटकावर आला. विशीतला, किडकिडीत; दोन प्लॉट पलीकडच्या कंपनीचे ओळखपत्र गळ्यात होते. त्याने डब्याचे झाकण किंचित उघडून वास घेतला.

‘आजीची आहे,’ तो म्हणाला. ‘तुम्ही गावाला कशाला गेला होता, सर?’

‘रांजणखळगे बघायला.’

त्याला ते पटले. पिशवी खांद्यावर टाकून तो निघाला, पण चार पावलांवर थांबून त्याने माझ्या पायांकडे पाहिले.

‘नवीन बूट आहेत. आठवडाभर लई चावतात, सर. उद्या दोन-दोन मोजे घालून या.’