अरण्याची हजेरी

सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली पर्यावरणाचा विषय शिक्षणात सक्तीचा करण्याचे निर्देश दिले, आणि विद्यापीठ अनुदान आयोगाने पुढे पदवीसाठी जो अभ्यासक्रम आखून दिला त्यात क्षेत्रभेटीचे कलम घातले. तेव्हापासून अरण्यास महाविद्यालयीन हजेरीपटाचे परिशिष्ट होण्याचे भाग्य लाभले आहे. ठाकुर्लीचा विद्यार्थी, आपल्या स्थानकात जलद गाडी थांबत नसल्यामुळे, धीम्या लोकलने कल्याणास जाऊन कर्जतची गाडी धरतो आणि नेरळमार्गे, सुमारे ८०० मीटर उंचीच्या माथेरानावर अभ्यासार्थ रुजू होतो. तेथे जांभूळ, अंजनी, हिरडा आणि सात-आठ वर्षांतून एकदाच फुलणारी कारवी ही मंडळी साक्षीसाठी तिष्ठत असतात. परंतु दोरी ताणून आखलेल्या चौकोनातील वृक्षांची गणती होण्यापूर्वीच फलकासह समूहछायाचित्र निघते, आणि त्या क्षणी शासकीय अर्थाने परिसंस्थेचा अभ्यास संपूर्ण होतो. पुढे एकाने लिहिलेला अहवाल सर्वांच्या वह्यांत काना-मात्रेसह उतरतो. जैवविविधतेवरील त्या दप्तरात विविधता तेवढी आढळत नाही.

वस्तुतः त्याच अभ्यासक्रमाने स्थानिक नदी, तळे, टेकडीचा उतार, एवढेच नव्हे तर प्रदूषित ठिकाणही पाहणीस मंजूर केले आहे, आणि उल्हासची खाडी व तिची कांदळवने ठाकुर्लीकरांच्या उशाशीच आहेत. मात्र तेथे जाण्यास ना सहलशुल्क आकारता येते, ना प्रवासभत्ता मिळतो. सबब शास्त्रीयदृष्ट्या ते स्थळ अभ्यासास अपात्र ठरते.