पैसे नकोत, काम द्या

आमच्या शाळेत स्काउट मास्तर नेमण्याची एक ठरलेली पद्धत आहे. जून महिन्यात एके दिवशी मुख्याध्यापक स्टाफरूमच्या दारात उभे राहतात आणि सगळ्यांवरून नजर फिरवतात. मुरलेली मंडळी त्या क्षणी वह्या तपासायला घेतात. कुणाला ढास लागते. चित्रकलेच्या सरांचं पेन दरवर्षी नेमकं तेव्हाच टेबलाखाली पडतं. मी डबा खात होतो आणि भेंडी छान झाली होती, त्यामुळे माझी मान वर होती आणि चेहरा प्रसन्न होता. "स्वतःहून पुढे आलात, बरं वाटलं," मुख्याध्यापक म्हणाले आणि निघून गेले. स्काउटिंग हे स्वेच्छेचं काम आहे ते असं.

बेसिक कोर्सला पाठवलं तिथे मी शिट्टीवर धावलो, बी.पी. सिक्सचे व्यायाम केले आणि गाठी शिकलो. म्हणजे शिकवणाऱ्यांनी शिकवल्या. भूमितीत मी भल्याभल्यांना प्रमेयं सोडवून दाखवतो, पण रीफ नॉट बांधताना डावं टोक उजव्यावर की उजवं डाव्यावर, हे मला अजून पाटी समोर असल्याशिवाय सांगता येत नाही. माझं मन रमलं ते पुस्तकात. भारत स्काउट्स आणि गाईड्सची उद्दिष्टं, धोरण, नियम आणि संघटना सांगणाऱ्या त्या पुस्तकाला सगळे ए.पी.आर.ओ. म्हणतात. गणवेश कसा, बिल्ला कुठे, पथकात कोण, कुणाचा अधिकार किती, सगळं त्यात आहे. गणिताच्या मास्तरला याहून काय हवं? बाकीचे शिबिरार्थी शेकोटीभोवती गाणी म्हणत होते तेव्हा मी तंबूत बॅटरी लावून नियम वाचत होतो. काही जणांना वाटलं, मी आजारी आहे.

पहिल्याच ट्रूप मीटिंगला मी मुलांना १९०७ सालच्या ब्राउनसी बेटावरच्या शिबिरापासून सुरुवात करून, ७ नोव्हेंबर १९५० ला देशातल्या स्काउट संघटना कशा एकत्र आल्या आणि पुढच्या वर्षी गाईडही कशा सामील झाल्या, इथपर्यंत आणून सोडलं. स्काउटिंगचे जनक बेडन-पॉवेल यांनी त्या बेटावर वीसेक मुलं नेली होती, असं सांगितल्यावर गरुड पेट्रोलच्या, म्हणजे तुकडीच्या, लीडरनं विचारलं, "सर, त्यांच्या पालकांची संमतीपत्रं घेतली होती का?" हा मुलगा पुढे मला जड जाणार, हे तेव्हाच ओळखायला हवं होतं.

मग खरी कमाई आली. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. मुलांनी घरोघर जायचं, काहीतरी छोटं काम मागायचं, ते करायचं, घरचे देतील तो मोबदला घ्यायचा आणि कार्डावर काम, रक्कम नि सही नोंदवायची. इंग्लंडच्या स्काउटांनी १९४९ मध्ये असाच उपक्रम काढला होता, एका कामाला एक शिलिंग. पुढे मुलांच्या सुरक्षिततेच्या आणि विम्याच्या काळजीनं तिकडे तो बंद पडला. आपल्याकडे बंद पडला नाही, त्याचे स्टॉल झाले. हल्ली बऱ्याच शाळांत खरी कमाई म्हणजे मैदानात भेळेचा स्टॉल. भेळ आई करून देते, विकत बाबा घेतात आणि कमाई मुलाची होते. मी ठरवलं, आपण हे असलं करायचं नाही. आपण दारोदार जायचं.

जाण्याआधी मी परिपत्रक काढलं. एकट्यानं जायचं नाही, तिघांनी जायचं. सर दारात असल्याशिवाय कुणाच्या घरात शिरायचं नाही. गॅस, वीज आणि उंची यांच्याशी संबंधित काम घ्यायचं नाही. देणगी घ्यायची नाही, कारण देणगी ही कमाई नव्हे. गणवेश पूर्ण हवा. घरच्या माणसाशी स्काउट पद्धतीनं डाव्या हातानं हस्तांदोलन करावं. कलमांना पोटकलमंही होती. मुलांनी ते पाठ केलं. मुलं काय पाठ करतील याचा भरवसा नसतो, पाढे करत नाहीत आणि हे करतात.

पहिलं दार एका निवृत्त पोस्टमास्तरांचं. बिबट्या पेट्रोलच्या लीडरनं सलाम ठोकला आणि डावा हात पुढे केला. आजोबांनी त्या हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "डावा हात देतात होय कुणाला? घरी कुणी शिकवलं नाही?" मी पायरीवरूनच व्याख्यान सुरू केलं. पश्चिम आफ्रिकेतले अशांती योद्धे डाव्या हातात ढाल धरत, समोरच्यावर विश्वास असेल तर ती खाली ठेवून तोच हात पुढे करत, अशी कथा स्काउटांमध्ये सांगतात, वगैरे. आजोबांनी शांतपणे ऐकून घेतलं. "ढाल कुठाय?" त्यांनी विचारलं. मग म्हणाले, "मास्तर, आपला नमस्कार दोन्ही हातांनी होतो. ढाल असो नाहीतर तलवार, खाली ठेवावीच लागते." पोरांनी मुकाट्यानं वाकून नमस्कार केला. आजोबांनी जुन्या पाकिटांवरची तिकिटं पाण्यात भिजवून सोडवायचं काम दिलं आणि दहा रुपये दिले. बाहेर आल्यावर गरुड म्हणाला, "सर, डावं हस्तांदोलन स्काउट-गाईडनी आपापसात करायचं असतं ना?" मी म्हटलं, ते तपासून सांगतो.

पुढचा बंगला मोठा होता. मालकांनी फाटक न उघडताच पन्नासची नोट बाहेर धरली. गरुड म्हणाला, "काका, पैसे नकोत, काम द्या."

"काम काही नाही. घे."

"मग पैसे नकोत."

काकांना वाटलं, रक्कम कमी पडली. त्यांनी शंभराची काढली. गरुडानं मान हलवली. काका इरेला पेटले, दोनशेवर गेले. आमची तोवरची एकूण कमाई तिकिटं सोडवण्याची होती, आणि मी गणिताचा माणूस आहे. परिपत्रकाची घडी हातात घट्ट धरून मी हळूच म्हणालो, "अरे, त्यांचं फाटक तेवढं पुसून दे."

"फाटक स्वच्छ आहे सर," गरुड म्हणाला. खणखणीत आवाजात, कारण स्पष्ट बोलावं हे मीच शिकवलं होतं. काकांनी नोटा खिशात घातल्या. आपल्या शाळेची मुलं माजोरडी आहेत, असा निरोप दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांपर्यंत पोचला.

तिसऱ्या घरी काकूंनी मात्र मोकळ्या मनानं काम दिलं. माळ्यावरची पितळेची भांडी खाली काढायची. त्यांच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं, मुलगा परदेशी, दिवाळी तोंडावर. मी उंचीचं कलम समजावून सांगितलं. काकूंना पटलं. "बरोबर आहे, पोरं पडायला नकोत," त्या म्हणाल्या. "मग कोण चढणार?" त्या, बिबट्या, गरुड आणि मोर पेट्रोलचा लीडर असे सगळे माझ्याकडे बघू लागले. परिपत्रकात मास्तरांच्या उंचीबद्दल काही नव्हतं.

मी चढलो. स्टूल मुलांनी धरलं होतं. माळ्यावर घंगाळ, परात, एकात एक बसलेली पातेली, मोडका पाळणा आणि थर्माकोलची मखरं अशी एका संसाराची सगळी सालं रचून ठेवलेली होती. मी रांगत आत गेलो आणि एक एक भांडं खाली देऊ लागलो. शेवटच्या परातीपाशी मागे वळलो तर मान वळेना. स्कार्फची टोकं लोंबू नयेत म्हणून मी ती सकाळी रीफ नॉटनं बांधली होती. त्या फासात माळ्याचा एक खिळा आला होता. रीफ नॉटचा मोठा गुण असा की ती एका झटक्यात सुटते. मी झटका दिला. माझा श्वास कोंडला.

"सर," खालून बिबट्यानं टाचा उंचावून पाहिलं, "ग्रॅनी झालीये."

ग्रॅनी म्हणजे उलटी पडलेली रीफ. ती धरायला हवी तिथे सुटते आणि सुटायला हवी तिथे धरते. काकूंनी खोबरेल तेल दिलं, मोरानं टाचणी दिली आणि गरुडानं, ती कशी चुकली असावी, याचं स्पष्टीकरण दिलं. शेवटी कात्री आली. स्कार्फचे दोन तुकडे झाले. काकूंनी शंभर रुपये दिले, बिबट्याच्या कार्डावर 'माळा साफ करणे' असं लिहून सही केली आणि माझ्या मानेला हळद लावून दिली.

त्याच अवतारात, पिवळी मान घेऊन, मी आमच्या नगरसेवकांच्या संपर्क कार्यालयासमोरून जात होतो. "मास्तर, या की!" भाऊंनी हाक मारली. भाऊंनी शाळेला वॉटर कूलर दिलेला आहे. पाण्यापेक्षा त्यांचं नाव मोठं दिसतं, पण पाणी गार येतं. "खरी कमाई का? पाचशे देतो. संध्याकाळी हायमास्ट दिव्याचं उद्घाटन आहे. पोरं गणवेशात दोन्ही बाजूंनी उभी करा, मी आलो की सलाम. बास."

आता हे उघड उघड काम होतं. उंची नाही, गॅस नाही. वीज होती, पण ती भाऊंची होती. मात्र गणवेशातल्या स्काउटांना राजकीय कार्यक्रमात उभं करायचं नसतं. नियम स्वच्छ होता, फक्त तो भाऊंना सांगायचा होता. मी घसा साफ केला. "भाऊ, माझी काही हरकत नाही. पण ए.पी.आर.ओ. परवानगी देत नाहीत."

"कोण? नवीन आलेत का?" भाऊंनी मागे हात केला. "लाव रे फोन. साताऱ्याला बसतात?"

"नाही," मी म्हणालो. "दिल्लीला." राष्ट्रीय मुख्यालय दिल्लीला आहे, हे खरंच आहे.

भाऊंचा हात खाली आला. "दिल्लीचा माणूस आहे?" ते क्षणभर गप्प झाले. "मग राहू दे. उगाच वरपर्यंत कशाला." मी सुटकेचा श्वास सोडला, तेवढ्यात माझं लक्ष गरुडाकडे गेलं. तो माझ्याकडे असा पाहत होता की स्काउटचे नऊच्या नऊ नियम मला ओळीनं आठवले, विशेषतः पहिला, विश्वासपात्रतेचा.

भाऊंनी मग मंडपातल्या खुर्च्या पुसायचं काम देऊ केलं. राजकीय कार्यक्रमाच्या खुर्च्या पुसणं हे राजकारण होतं का? मी तिथल्या तिथे निर्णय दिला की खुर्ची रिकामी असेतो अराजकीय असते. मुलांनी भराभर खुर्च्या पुसल्या आणि पहिला कार्यकर्ता बसायच्या आत मी त्यांना बाहेर काढलं.

त्या आठवड्यात पेट्रोल लीडरांचं कोर्ट ऑफ ऑनर भरलं. यात निर्णय मुलं घेतात, स्काउट मास्तर सल्ला देतो, त्याला मत नसतं. कामकाज गुप्त असतं, म्हणून इथे फक्त माझ्याविरुद्धचा भाग सांगतो. मोरानं कार्ड पुढे ठेवलं. काम : माळा साफ करणे. रक्कम : शंभर. "माळ्यावर कोण होतं?" त्यानं विचारलं. मी सल्लागार या नात्यानं सांगितलं की स्टूल मुलांनी धरलं, भांडी मुलांनी झेलली. गरुड म्हणाला, "पण कमाई सरांची आहे. ती आमच्या नावावर दाखवली तर ती खरी होत नाही." भेळेच्या स्टॉलबद्दल मी वर्गात जे बोललो होतो, तेच त्यानं शब्दशः ऐकवलं. मला राग येत होता आणि हरकत घ्यायला जागा सापडत नव्हती. पैसे परत करायचे आणि ते सरांनीच न्यायचे, असं ठरलं. दिल्लीला ए.पी.आर.ओ. बसतात का, हा विषय पुढच्या बैठकीवर गेला.

काकूंनी दार उघडलं, मी नोट पुढे केली आणि कारण सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. "दिलेले पैसे परत घ्यायचे? ऐन दिवाळीत? माझ्या घरात ही रीत नाही हो सर." मी कोर्टाचा निर्णय सांगितला. त्या जरा विचारात पडल्या, मग म्हणाल्या, "पोरांनी काम केलं नाही एवढंच ना? मग करू देत की. भांडी घासायची राहिलीत."

मुलं अंगणात बसली. चिंच, मीठ, नारळाच्या शेंड्या. कुठल्याही कलमात बसणारं, जमिनीवरचं, निर्धोक काम. तासाभरात घंगाळात तोंड दिसू लागलं. गरुडानं स्वतःचं तोंड पाहून घेतलं, कार्डावर नव्यानं नोंद केली, काकूंची सही घेतली आणि मला सलाम केला. पहिल्यांदाच तो माझ्यावर खूश दिसत होता.

लख्ख झालेली भांडी आता पुन्हा माळ्यावर ठेवायची होती. उंचीचं कलम अजून रद्द झालेलं नव्हतं. काकूंनी स्टूल आणून ठेवलं.